मन्मथअण्णांचं सॅम्पल ऑफिस

आमच्या महादेवी कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर मन्मथअण्णा रोज सकाळी साडेनवाला सात माणसांची हजेरी मांडायचे. हजेरीबुक खरं, शाई खरी, सह्यांच्या रकान्यात वेगवेगळ्या वळणांच्या सह्या. फक्त ती सात माणसं नव्हती. म्हणजे यायची होती, उशीर झाला होता, असं नव्हे. मुळात नव्हतीच.

त्यातलंही एखादं माणूस रोज रजेवर असायचं.

"आज सुनंदाबाई न्हाईत," असं अण्णांनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी बावळटासारखं विचारलं, "का हो? बरं नाही का?"

"नणंदेच्या लेकीचं लगीन हाय, आळंदला."

"अहो, सुनंदाबाईच नाहीत तर त्यांना नणंद कुठली?"

"मग काय सातच्या सात हजर ठेवू? सगळे हजर हायेत असं हापीस तुमी जन्मात कधी बघितलंय का, म्यानेजर?"

मी वीज खात्यात जन्म काढलाय. बघितलं नव्हतं.

आता हे वेडाचं नव्हे, पोटापाण्याचं काम होतं, हे आधीच सांगून टाकतो. गुलबर्ग्यात, म्हणजे आताच्या कलबुर्गीत, रिंग रोडला शरणप्पा सावकारांनी हे कॉम्प्लेक्स बांधलं. सावकार म्हणजे तूरडाळीचे मिलवाले. डाळ कुणाला कशी विकायची ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील; पण रिकामा हॉल भाड्यानं कसा द्यायचा, तिथं गाडी अडली. माणसं यायची, नव्या फरशीवर उभी राहायची, वर छताकडं बघायची, एखादा 'ओ' करून आवाज घुमतो का ते बघायचा, आणि "कळवतो" म्हणून जी जायची ती जायचीच. त्या पोकळीत उद्या आपलं ऑफिस कसं दिसेल, हे काही त्यांच्या डोळ्यापुढं येईना. मी रिटायर होऊन तिथं मॅनेजर म्हणून लागलो होतो. किल्ल्या माझ्याकडं, पाण्याची मोटार माझ्याकडं, भांडणं माझ्याकडं. राग तर माझ्याकडं आधीपासूनच होता.

मग कुणीतरी सावकारांच्या कानात भरवलं की एक मजला सजवून ठेवा, सॅम्पल ऑफिस करा, म्हणजे बघणाऱ्याला कल्पना येते. बेंगळूरहून डिझायनर आला. त्यानं सगळं पांढरं केलं. पांढरी टेबलं, पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड आणि भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्या माणसांचा फोटो. आमच्याकडचे अडते, वकील, पतसंस्थावाले दारातच थबकायचे आणि हळू आवाजात बोलायचे. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "ऑपरेशन किती वाजता असतं?"

त्या सुमारास अण्णा उगवले. मन्मथअण्णा बिराजदार, मूळचे निंबर्ग्याचे, सावकारांचे गाववाले. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं अटेंडर. आमच्याकडं शिपायाला अटेंडर म्हणतात. बायको वारलेली, मुलगा बेंगळूरला कॉम्प्युटरमधे, आणि हे इथं एका खोलीत. सावकारांना कसलीशी पत्रिका द्यायला आले होते. सावकारांनी हौसेनं वर नेऊन ऑफिस दाखवलं. अण्णांनी पाय बाहेरच ठेवले आणि नुसतं डोकं आत घातलं.

"सावकार, चप्पल कुठं काढायची?"

सावकारांनी माझ्याकडं बघितलं. मी प्लास्टिकच्या झाडाकडं बघितलं.

"आन् डबा कुठं खायचा? सायबाला शिव्या घालायच्या असल्या तर कुठं जाऊन घालायच्या?" अण्णांनी डोकं बाहेर काढलं. "हितं माणूस दिसंना की हो. माणूस दिसायला पायजे."

आठ दिवसांत डिझायनर गेला आणि तिसऱ्या मजल्याची किल्ली अण्णांच्या करदोट्याला लागली. मला न विचारता. आता बोला.

अण्णांची कामाची रीत अशी. कुणी जागा बघायला येणार असं कळलं की अण्णा आधी त्या माणसाच्या जुन्या ऑफिसात जाऊन अर्धा दिवस बाकावर बसून यायचे. कोण आहे, कशाला बसलंय, कुणी विचारायचं नाही. पस्तीस वर्षं अटेंडर राहिलेल्या माणसाला न दिसता बसता येतं. तिथं ते कोण कुठं टेकतं, कोण कुणाकडं पाठ करतं, कुठली फरशी झिजलीय ते बघून यायचे आणि मग तिसरा मजला त्याप्रमाणं मांडायचे. "इंजनेराला भिंती कळत्यात," ते म्हणायचे, "मला बुडं कळत्यात."

एक वकील आले होते. अण्णांनी वकिलांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या आणि तिसरी मुद्दाम भिंतीकडं तोंड करून ठेवली. मी म्हणालो, "ही उलटी का?" तर मला दटावलं, "गप बसा." वकील आले, फिरले, त्या खुर्चीपाशी थांबले. "ही कशाला?"

"अशील रडतंय की हो तुमच्याकडं," अण्णा म्हणाले. "परवा एक बाई पदर तोंडाला लावून जिन्यात उभी होती. रडायला जागा पायजे."

वकिलांनी दुसऱ्या दिवशी सही केली. पतसंस्थेच्या चेअरमनसाठी अण्णांनी केबिनला दोन दारं काढून दाखवली. एक ठेवीदारांना आत यायला, दुसरं चेअरमनला बाहेर पळायला. चेअरमन तोंडावर भडकले, नको ते बोलले आणि जागा घेतली. अशी बघता बघता तळमजल्यावरची मोठी दुकानं आणि वरचे दोन मजले भरले.

पण खरी गंमत त्या सात जणांची. हेडक्लार्क जोशी; यांच्या खणात ओव्याची बाटली, पोट धड नसायचं ना त्यांचं. कॅशियर सुनंदाबाई, यांच्या खुर्चीवर विणलेला स्वेटर. मी म्हटलं, "गुलबर्ग्याच्या उन्हात स्वेटर?" तर म्हणे, "एसीखाली बसती की ती!" कॉम्प्युटरवर रझियाबी, यांच्या टेबलाच्या काचेखाली भाच्याचा फोटो. भाचा कुणाचा होता देव जाणे, फोटो स्टुडिओतून मागून आणलेला. आणि इरण्णा अटेंडर. त्याचं स्टूल खिडकीशी, सगळ्यात गार जागी. त्या स्टुलावरून सावकारांनी एकदा हटकलं, तर अण्णा तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. उरलेल्या तिघांची नावं आता मला आठवत नाहीत आणि त्याची मला लाज वाटते, म्हणजे बघा.

अकरा वाजता जोशींच्या टेबलावर अण्णा अर्धा कप चहा ओतून ठेवायचे आणि त्यावर साय धरू द्यायचे. बघायला आलेला माणूस तो कप बघून म्हणायचा, "कुणी बसतं का इथं?" आणि शेजारच्या खुर्चीवर आपसूक टेकायचा. टेकला की अण्णा मला डोळा मारायचे.

या सगळ्याचा वाण नाही पण गुण मला लागलाच. एकदा घरी जेवताना मी बायकोला म्हणालो, "जोशींच्या डोक्यावरचा पंखा करकरतोय, उद्या माणूस बोलवायला हवा." तिनं भाकरी वाढता वाढता हात थांबवला. "कोण जोशी?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिथं तुम्ही दोघंच म्हातारे, आणि बाकी सगळी हवा." शब्द लागला, पण खोटा नव्हता.

तर तिसरा मजला तेवढा राहिला. वर्ष झालं, कुणी घेईना. शेवटी सावकारांनी सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत बघतो. न्हाई गेला तर पार्टिशन घालून लॉज काढतो. गाणगापूरला जाणारे उतरतील." आणि अण्णांकडं बघून म्हणाले, "मग तुमीबी जावा आता लेकाकडं. किती दिवस करणार?"

दुपारी आम्ही सुसला-मिरची, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरची भजी, खात बसलो होतो. भजी अण्णांनी तशीच ठेवली, तेव्हाच मला कळलं.

"जाऊन आलोय मी बेंगळूरला. दोन महिने," ते म्हणाले. "लेक चांगला हाय हो. सून त्याच्यापरीस चांगली. हॉलमधे झोपायचो मी. सकाळी उठलो की माझं अंथरूण घडी करून ती सोफ्याच्या पोटात घालती. झाकण लावती. मग दिवसभर मी कुठं हाय ते मलाच कळंना."

"मग सांगा की मुलाला, येत नाही म्हणून."

"कारण काय सांगू? दर ऐतवारी फोन येतो, अप्पा, आता बास करा, या. मी म्हणतो, काम हाय रे. काम हाय तवर कारण हाय. न्हाईतर लेक म्हणंल, अप्पाला आमी नको झालो. त्याला कामून दुखवायचं?"

मी मनात हिशेब केला. मजला नाही गेला तर लॉज, आणि अण्णा बेंगळूरला. मजला गेला तर कॉम्प्लेक्स भरलं, सॅम्पल ऑफिसचं कामच संपलं, आणि अण्णा बेंगळूरलाच. मी तसं बोलून दाखवलं. "अण्णा, तिसरा मजला गेला तरी तुम्ही गेलातच की."

"ते मला म्हैत न्हाई व्हय?" अण्णा म्हणाले आणि उठून सुनंदाबाईंचा स्वेटर झटकायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून तर अंगात आल्यासारखे भिडले. दाराशी लांब बाक टाकला, काउंटर केलं, आणि ऑफिस अगदी खरं दिसावं म्हणून काउंटरवर पाटी लावली: वर कानडीत, खाली मराठीत 'चौकशी'. सगळा घोटाळा त्या मराठी 'चौकशी'नं केला.

आमच्या आळंदकडच्या गावांतून जुनी माणसं मराठी शाळेत शिकलेली. कानडी बोलतील फडाफडा, पण वाचायला बसलं की गाडी अडते. आणि अर्ज सगळे कानडीत. एके मंगळवारी एक म्हातारी वकिलांकडं जायची ती एक जिना जास्त चढली आणि अण्णांच्या दारात उभी राहिली. गंगाक्का तिचं नाव. पाटी वाचली, हायसं वाटलं, चप्पल बरोब्बर चपलेच्या जागी काढली आणि काउंटरपाशी येऊन म्हणाली, "सायेब, हे पेन्शनीचं हाय. काय लिवलंय कळंना."

अण्णांना जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ते गडबडले. "अक्का, हे हापीस न्हाई."

"मग काय हाय?"

"हे... हापीस कसं अस्तंय ते दाखवायला मांडलंय."

"मग दाखवा की," म्हातारी म्हणाली आणि कागद पुढं केला.

अण्णांनी दाखवलं. दोन तास लावून अर्ज भरला, दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर खऱ्या कचेरीत जाऊन दिलाही. पुढच्या मंगळवारी गंगाक्का आणखी चार जणांना घेऊन आली. मग दर मंगळवारी रांग. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा उतारा, कुणाचा आधारचा घोळ. जिन्यात तंबाखू, लिफ्टमधे म्हाताऱ्या. लिफ्ट वर निघाली की देवाचं नाव घेऊन किंचाळायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वर जाऊन ओरडलो, "अण्णा, हे खोटं ऑफिस आहे! खोटं!"

अण्णा चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "खोटं हाय? मग गंगाक्काची पेन्शन खरी कशी काय चालू झाली?"

मी खाली जाऊन पाण्याची मोटार चालू केली.

दसरा तीन आठवड्यांवर आला आणि हैदराबादच्या एका बियाण्यांच्या कंपनीचा फोन आला. जागा बघायला रेड्डी मॅडम येणार. बुधवारी. मी अण्णांना बजावलं, "बुधवारी एक म्हातारी दिसता कामा नये." अण्णा म्हणाले, व्हय. मजला झाडला, पुसला, जोशींचा ओवा बदलला.

आणि मॅडम मंगळवारीच आल्या.

मी खाली मोटारीपाशी होतो. मॅडम लिफ्टनं वर निघूनही गेल्या होत्या. मी तीन जिने कसा चढलो ते माझ्या छातीला माहीत. वर बघतो तर बाकावर, खुर्च्यांवर, रझियाबीच्या टेबलाच्या कडेवर मिळून चौदा म्हातारे-म्हाताऱ्या, आणि मधे मॅडम पर्स छातीशी धरून उभ्या.

"ये सब कौन हैं जी?" मॅडमनी मला विचारलं.

माणूस घाबरला की काय बोलेल नेम नसतो. मी म्हणालो, "सॅम्पल है मॅडम. सॅम्पल गिऱ्हाईक."

"कोण सांपल?" बाकावरून गंगाक्का कडाडली. "मी गंगा हाय! ह्या सायबानं माझी पेन्शन काढून दिली. तू कोण हायस रं?"

मी मॅनेजर आहे, असं मी म्हणालो खरा, पण आवाज काही बाहेर आला नाही. मी अण्णांकडं डोळ्यांनी खुणा केल्या, उठा, उठा. अण्णा एका आजोबांचा अर्ज भरत होते. मान वर न करता म्हणाले, "नवीन कोण आलंय? बसा म्हणा. नंबरानं या."

संपलं, असं मला वाटलं. दसरा, लॉज, बेंगळूर, सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. पण मॅडमनी काय करावं? त्या दोन आजोबांच्या मधे बाकावर बसल्या. एकानं सरकून जागा दिली, दुसऱ्यानं शेंगा पुढं केल्या. तासभर बाई बसून बघत होत्या. नंबर आल्यावर काउंटरपाशी गेल्या.

"काय काम हाय, अक्का?" अण्णांनी विचारलं.

"ऑफिस होना," हैदराबादी हिंदीत, म्हणजे ऑफिस पाहिजे, असं मॅडम म्हणाल्या.

अण्णांनी तेव्हा कुठं वर बघितलं. पण दचकले नाहीत. पेन खिशाला लावलं, उठले आणि काम सुरू केलं. "तुमच्याकडं शेतकरी येणार. नुसता येत न्हाई तो, झाड उपटून हातात घिऊन येतंय, बघा काय झालंय म्हणून. माती सांडणार. म्हणून हितं फरशी, गालिचा तिकडं आत. पीक गेलेला माणूस आधी वरडतो. त्याला वरडू द्यायचं, पाणी द्यायचं, मग बोलायचं. पाण्याचा माठ हितं." मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होतो. मॅडम म्हणाल्या, सांगू नका, मला समजतंय.

मॅडमनी मजला घेतला. जसा आहे तसा, टेबलं, काउंटर, बाक, पाटीसकट. मी लगेच म्हणालो, अण्णांनाही ठेवून घ्या. त्या म्हणाल्या, माझ्या हातात असतं तर आजच ठेवलं असतं. पण माणसं हैदराबादहून ठरून येतात आणि कंपनीत वयाची अट आहे. बाई मनापासून ओशाळल्या होत्या.

सावकारांनी अण्णांना शाल-नारळ दिला, चार शब्द बोलले. अण्णांनी शाल घडी घालून काखेत धरली आणि तिसरा मजला आवरायला गेले. मी मागोमाग. त्यांनी ओव्याची बाटली काढली, स्वेटर काढला, भाच्याचा फोटो स्टुडिओवाल्याला परत द्यायला वेगळा ठेवला. शेवटी हजेरीबुक उघडून सात नावांपुढं एक उभी रेघ मारली आणि लिहिलं: 'बदली.'

"सातही जणांची?" मी विचारलं.

"व्हय. एकदम."

"कुठं?"

"चांगल्या ठिकाणी," अण्णा म्हणाले.

बेंगळूरचं तिकीट त्यांनी स्टेशनवर खिडकीशी उभं राहून काढलं. रविवारचं. त्याआधीच्या मंगळवारी तिसऱ्या मजल्यावर सुतार खिळे ठोकत होते आणि गंगाक्कासकट सगळी मंडळी माझ्या केबिनबाहेर. "सायेब कुठं हाय?" मी एकाचा अर्ज घेऊन बघितला. कानडी मला येतं, पण अर्धा रकाना भरेपर्यंत मी त्या आजोबांवर दोनदा खेकसलो होतो. त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला.

मी तडक मिलवर गेलो. "सावकार, तळमजल्यावर जिन्याजवळचा लहान गाळा कधीचा पडून आहे, तो मला पाहिजे."

"ते कोण घेतंय? खिडकीत रिक्षास्टँड हाय."

"एक गिऱ्हाईक आहे."

कोण ते सांगितल्यावर सावकार बोटातली अंगठी फिरवायला लागले. "कुलकर्णी म्यानेजर, माझ्या गावचा हाय तो. मला नको वाटलं व्हय? पण बसा म्हणालो तर म्हणंल, सावकार दया करायलाय. उठून जाईल."

"ते माझ्यावर सोडा."

अण्णांची रीत अशी की आधी गिऱ्हाइकाच्या जुन्या जागी जाऊन बसायचं. म्हणून शुक्रवारी मी सामान बांधू लागतो म्हणून त्यांच्या खोलीवर गेलो आणि अर्धा दिवस बसलो. बांधाबांध फारशी नव्हतीच. इतक्या दिवसांची ओळख, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या माणसाकडं नीट बघितलं. शनिवारी सकाळी मी दोन तास तो गाळा मांडला, घाम पुसला आणि अण्णांना बोलावणं पाठवलं: शेवटचं एक सॅम्पल बघून जा, गिऱ्हाईक भारी हट्टी आहे.

अण्णा आले. पाय बाहेर ठेवून डोकं आत घातलं.

"कुणासाठी हाय?"

"तुम्हीच ओळखा. ओळखू आलं नाही तर माझी मांडणी चुकली."

अण्णांना हुरूप आला. आत आले. "म्हातारं हाय. खुर्चीला दांडगे हात हायेत, उठताना रेटा द्यायला." वाकून टेबलाखाली बघितलं. "पाट ठेवलाय. गुडघा दुखतोय त्याचा. चहा बशीत वतून पितंय, बशीला वेगळी जागा केली तुमी. शाबास. शिकलाव की, म्यानेजर." मग समोरच्या खुर्चीकडं बघून थबकले. "ही मधे कामून न्हाई? उजव्या अंगाला कामून टाकली? डाव्या कानानं कमी ऐकतंय काय..."

अण्णांचा हात डाव्या कानापाशी गेला आणि तिथंच राहिला.

बाहेर रिक्षावाले भांडत होते. अण्णा दाराशी टाकलेल्या लांब बाकाकडं बघत होते. म्हणाले, "पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या पुसल्या मी. मग दुसऱ्यांसाठी मांडल्या. माझ्यासाठी कुणी..." डोळे पुसायला त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मलाही भरून आलं होतं, आणि मला भरून आलं की मी ओरडतो. "बसताय की नाही? मंगळवारी ती गंगाक्का माझा जीव घेईल!"

अण्णा बसले. खुर्चीचे हात दोन्ही मुठींत धरून नीट बसले.

"उद्याचं तिकीट हाय," मग म्हणाले.

"रद्द करता येतं. मुलाला काय सांगणार?"

"सांगतो, हापीस सुटंना म्हणून. दिवाळीला चार दिवस जाईन. तुमी स्टेशनवरनं तिकीट रद्द करायचा फॉर्म आणा."

मी भर उन्हात स्टेशनवर जाऊन फॉर्म आणला. अण्णांनी चष्मा चढवला आणि गंगाक्काचा अर्ज भरावा तसा सावकाश स्वतःचा अर्ज भरायला घेतला. नाव लिहिलं, वय लिहिलं, गाडीचा नंबर तिकिटावर दोनदा बघून लिहिला. पत्त्यापाशी पेन थांबलं.

"ह्या गाळ्याला नंबर काय हाय?"

"नंबर दिलेला नाही अजून."

"मग द्या की. म्यानेजर हाव न्हवं? पत्ता कसा लिहू मी?"

"एक," मी म्हणालो.

अण्णांनी लिहिलं: गाळा नंबर एक, तळमजला, महादेवी कॉम्प्लेक्स, रिंग रोड, कलबुर्गी. सही केली, आणि कागद माझ्या हातात देण्याआधी तो पत्ता एकदा मोठ्यानं वाचून दाखवला.